पटकीची लस, पोटातली राखण आणि तुमचे प्रश्न

मृग लागला की या सदराकडे पोटाचेच प्रश्न जास्त येतात, यंदा तर निम्मी पत्रं नुसत्या कॉलऱ्याची, म्हणजे आपल्या पटकीची. कारण उघड आहे, आपल्या खान्देशात मे-जूनमध्ये कित्येक गावांना नळ आठ-आठ दिवसांनी येतो, टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं हे कोणी विचारत नाही आणि पहिला दणका पाऊस झाला की गटार न् पाइपलाइन एकत्र नांदायला लागतात. लांब पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : आमच्या आबांना तरुणपणी पटकी झाली होती, गावातली बरीच माणसं गेली तेव्हा, आबा वाचले. ते म्हणतात एकदा होऊन गेली की अंगात ताकद येते, परत होत नाही. गल्लीत गॅस्ट्रोची साथ आली तेव्हा आम्ही सगळे उकळलेलं पाणी पीत होतो आणि आबा थेट रांजणातलं. आबांचं खरं आहे का? आमच्या आजी तर रोज विचारतात, "एक डाव व्हयनी ते परत व्हस का?"
— एक वाचक, अमळनेर तालुका

आजींना सांगा, व्हस. आबांचं अर्धंच खरं आहे आणि त्या अर्ध्याचीही मुदत केव्हाच संपली.

कॉलरा होऊन गेल्यावर शरीर तो जंतू लक्षात ठेवतं हे अगदी खरं. अमेरिकेत बाल्टिमोरला स्वयंसेवकांना मुद्दाम कॉलऱ्याचे जंतू पाजून बघितलंय (हो मुद्दाम, हॉस्पिटलात ठेवून, सलाईन तयार ठेवून), आणि त्यातल्या काहींना जवळजवळ तीन वर्षांनी परत पाजलं तर त्यांना काही झालं नाही. माणसं मोजकीच होती पण निकाल स्पष्ट होता. म्हणजे तीनेक वर्षं तरी राखण टिकते. पण आबांची गोष्ट साठ-सत्तर वर्षांपूर्वीची असणार. बंगालमध्ये किंवा बांगलादेशात मोठी माणसं तुलनेनं कमी आजारी पडतात आणि लहान पोरं जास्त, ते का, तर तिथे हा जंतू दरवर्षी कुठून ना कुठून थोडा थोडा पोटात जातो, बऱ्याचदा काही लक्षणंच येत नाहीत, पण शरीराची उजळणी होत राहते. आपल्याकडे कॉलरा येतो तो अधूनमधून एखाद्या गावात, मग वर्षानुवर्षं गायब. उजळणीच नाही तर पाठ कसं राहणार.

दुसरं, जंतूच्या जाती. आजाराच्या साथी आणतो तो मुख्यतः ओ-१ गटाचा, त्यात ओगावा आणि इनाबा असे दोन प्रकार. इनाबा होऊन गेला असेल तर ओगावापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, उलटं मात्र तितकंसं नाही. आणि गट बदलला तर खेळच खल्लास. १९९२ मध्ये मद्रासकडे ओ-१३९ नावाचा नवा गट उगवला, बघता बघता बंगाल, बांगलादेशात पसरला, आणि ज्या मोठ्या माणसांना ओ-१ ची सवय होती तीही धडाधड आडवी झाली. विष तेच होतं, फक्त जंतूच्या अंगावरचं आवरण वेगळं, त्यामुळे शरीरानं ओळखलंच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, खालच्या उत्तरात लागणार आहे.

आणि गल्लीतला गॅस्ट्रो म्हणजे कॉलराच असतो असं कुठंय. रोटाव्हायरस, ई-कोलाय, शिगेला, कितीतरी मंडळी आहेत, त्यांच्यापुढे आबांची जुनी पटकी काही कामाची नाही. या वयात दोन-चार जुलाबांतही किडनीला त्रास होऊ शकतो. रांजण राहू द्या, फक्त त्यात उकळून गार केलेलं पाणी भरा, आबांना सांगूच नका.

प्रश्न : मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो. पूर्वी पंढरपूरच्या वारीला, यात्रेला जाताना कॉलऱ्याची सुई टोचायचे, माझ्या वडिलांनी घेतली होती, दंड सुजायचा म्हणे. आता वाचतो की लस तोंडावाटे देतात. सुई का बंद केली? रक्तात अँटीबॉडी तयार झाल्यावर पुरेसं नाही का? मुलांना काय सांगू?
— एक शिक्षक, शहादा

सर, प्रश्न भारी आहे, आणि याचं उत्तर नीट समजलं तर कॉलऱ्याची अर्धी इम्युनॉलॉजी समजली, म्हणून जरा ऐसपैस सांगते.

कॉलऱ्याचा जंतू आपल्या शरीरात शिरतच नाही. ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे. टायफॉइडचा जंतू आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जातो, हा नाही जात. हा लहान आतड्याच्या अस्तरावर, चिकट स्रावात पोहत पोहत येतो, तिथे चिकटतो आणि विष सोडतो. विषाचे दोन भाग, बी भागाच्या पाच कड्या पेशीवरच्या जीएम-१ नावाच्या रेणूला धरतात आणि ए भाग आत जाऊन पेशीचा नळ उघडाच ठेवतो. पेशीतलं सीएएमपी नावाचं निरोप्या रसायन वाढतं, क्लोराइड बाहेर, त्यामागे सोडियम आणि पाणी. माणूस तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो. हे विष आतड्यात काम करतं हे दाखवलं ते आपल्या कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी, १९५९ मध्ये, सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून. त्यांना हवा तसा मान मिळाला नाही हे माझं मत, आणि बऱ्याच जणांचं.

तर एवढी सगळी मारामारी होते ती आतड्याच्या पोकळीत. सुईनं रक्तात अँटीबॉडी भरपूर बनतात, पण त्यातल्या थोड्याच झिरपून आतड्यात पोचतात. राखणदार घराच्या ओसरीवर जागा आहे आणि चोर केळीच्या बागेत घड कापतोय, असं ते झालं. जुन्या सुईनं साधारण निम्म्या लोकांना संरक्षण मिळायचं आणि तेही तीन ते सहा महिने, वर दंड सुजणं, ताप. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रवाशांसाठी कॉलऱ्याच्या सुईच्या दाखल्याची अटच काढून टाकली. नंतर १९७४ मध्ये बांगलादेशातल्या मतलबमध्ये निव्वळ विषाविरुद्धची सुईही देऊन बघितली, पदरात फारसं काही पडलं नाही. ज्या हाफकिनचं नाव परळच्या संस्थेला आहे त्यांनी १८९२ मध्ये स्वतःला टोचून कॉलऱ्याच्या लशीची सुरुवात केली होती, त्यांच्या धाडसाला सलामच, पण रस्ता शेवटी तोंडातूनच जायचा होता.

तोंडावाटे मेलेले जंतू दिले की आतड्याच्या भिंतीत ठिकठिकाणी पेयर्स पॅचेस नावाच्या चौक्या असतात तिथे त्यांची ओळख परेड होते. तिथल्या बी पेशी, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, तयार होऊन रक्तातून एक फेरी मारतात आणि परत आतड्याच्याच अस्तराखाली येऊन बसतात. तिथे त्या आयजी-ए जातीच्या अँटीबॉडी बनवतात, दोन-दोन जोडून, आणि अस्तराच्या पेशी त्या जोड्या उचलून पोकळीत सोडतात. आता गंमत बघा. संरक्षण देणाऱ्या अँटीबॉडी मुख्यतः विषाविरुद्ध नसतात, जंतूच्या बाहेरच्या आवरणावरच्या साखरेच्या साखळीविरुद्ध असतात, तिलाच ओ-अँटीजन म्हणतात. कॉलऱ्याच्या जंतूला एकच शेपटी असते आणि त्या शेपटीवरही तेच आवरण चढलेलं असतं. अँटीबॉडी चिकटली की शेपटी हलत नाही, जंतू एकमेकांना चिकटून गोळे होतात, अस्तरापर्यंत पोचायच्या आत आतड्याच्या हालचालीबरोबर पुढे वाहून जातात. मारायची गरजच नाही, पोहू दिलं नाही की झालं. आणि म्हणूनच १९९२ मध्ये साखळी बदलली तशी सगळी पूर्वतयारी फुकट गेली.

विषाविरुद्धच्या अँटीबॉडीचा उपयोग शून्य नाही पण तो टिकत नाही. १९८५ मध्ये मतलबलाच दोन लशी शेजारी शेजारी तपासल्या, एकीत नुसते मेलेले जंतू, दुसरीत जंतू अधिक विषाचा निरुपद्रवी बी भाग. पहिले सहाएक महिने दुसरी पुढे, ८५ टक्के विरुद्ध ५८. तीन वर्षांचा हिशेब मांडला तर दोन्ही पन्नाशीच्या आसपास, सारख्याच. मुलांना हा एवढा एक प्रयोग फळ्यावर काढून दाखवा, बाकी पुस्तक नंतर वाचतील.

प्रश्न : मला कायम ॲसिडिटी, रोज सकाळी अनशापोटी गॅसची गोळी घेतो, पाच-सहा वर्षं झाली. मेडिकलवाला म्हणाला अशा लोकांना कॉलरा लवकर धरतो. घाबरवतोय का खरंच?
— एक दुकानदार, भुसावळ

घाबरवत नाहीये भाऊ. प्रतिकारशक्ती म्हटलं की लोकांना फक्त अँटीबॉडी आठवते, पण कॉलऱ्यासमोरचं पहिलं दार म्हणजे जठरातलं आम्ल, आणि हा जंतू आम्लाला फार भितो. बाल्टिमोरच्याच स्वयंसेवकांचं सांगते, नुसत्या पाण्यातून जंतू दिले तर आजारी पाडायला अब्जावधी लागायचे, आणि आधी सोडा पाजून आम्ल मारलं तर दहा लाख पुरले. गोळीनं आम्ल कमी होतं म्हणजे जंतूला टोलनाका मोफत. याचा अर्थ गोळी आज बंद करा असा नाही, ज्यानं लिहून दिली त्या डॉक्टरांना विचारा की अजून लागते का, पाच-सहा वर्षं कोणी बघितलंय की नाही कोण जाणे. तोवर तिखटजाळ शेवभाजी रात्री अकराला खाणं थांबवून बघायला हरकत नाही (हे मी बोलायला नको, मलाही आवडते).

तुम्ही पत्राच्या खाली रक्तगट ओ पॉझिटिव्ह लिहिलाय म्हणून सांगते, ओ गटाच्या लोकांना कॉलऱ्याची लागण जास्त होते असं नाही, पण झाला तर तीव्र व्हायची शक्यता जास्त असते. जुलाब सुरू झाले तर वाट बघत बसायचं नाही एवढंच त्याचं तात्पर्य.

प्रश्न : ताई, माझं बाळ आठ महिन्यांचं आहे, अंगावर पितं. आमच्या वस्तीत मागच्या पावसाळ्यात कॉलऱ्याचे पेशंट निघाले होते. त्याला लस देता येईल का? माझ्या दुधातून त्याला काही मिळतं का?
— एक वाचक, पारोळा

लस एक वर्ष पूर्ण झाल्यावरच, त्याआधी नाही. पण दुधाबद्दल मात्र खुशाल राहा. बांगलादेशात १९८० च्या सुमाराला हे नीट तपासलंय, ज्या आयांच्या दुधात कॉलऱ्याविरुद्धचं आयजी-ए जास्त होतं त्यांच्या बाळांच्या पोटात जंतू गेला तरी जुलाब कमी जणांना झाले. दूध जंतूला पोटात जाण्यापासून थांबवत नाही, आजार थांबवतं. अर्थात आईच्या शरीरानं तो जंतू कधी बघितलेला असेल तर ते आयजी-ए जास्त, पण तसं नसलं तरी अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात बाहेरचं पाणी कमी जातं हाच मोठा फायदा. वरचं सुरू केलं असेल तर वाटी-चमचा, बाटली नको म्हणजे नकोच.

वर्ष झाल्यावरही एक गोष्ट माहीत असू द्या, पाच वर्षांखालच्या मुलांत ही लस जरा कमी पडते. सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर दोन डोसांनी पाच वर्षांवरच्यांत ६४ टक्के आणि पाचखालच्यांत ३० टक्क्यांच्या आसपास संरक्षण आलं. ती साखरेची साखळी सांगितली ना वर, लहान पोरांचं शरीर अशा साखरेला नीट उत्तर द्यायला उशिरा शिकतं. मोठ्यांच्या पोटाची बऱ्याचदा आधीची ओळख असते, लस फक्त आठवण करून देते, बाळाला पहिल्यापासून शिकायचं असतं. म्हणून वस्तीत मोहीम निघालीच तर घरातल्या मोठ्यांनी आळस करायचा नाही, आजूबाजूच्या पुष्कळ लोकांनी लस घेतली की न घेतलेल्यांनाही कॉलरा कमी होतो, हे मतलबच्या आकड्यांतून दिसलंय.

प्रश्न : रक्त तपासून कॉलऱ्याची इम्युनिटी आहे का कळतं का? कोविडच्या वेळी अँटीबॉडी टेस्ट केली होती तशी.
— एक वाचक, चोपडा

कळतं, पण तुमच्या-माझ्या गावच्या लॅबमध्ये नाही, ते रिसर्चवाल्यांचं काम. टेस्टचं नाव व्हिब्रिओसायडल. रक्तातला पिवळसर पाणीदार भाग घेतात, छोट्या छोट्या खड्ड्यांच्या प्लेटमध्ये तो निम्मा-निम्मा पातळ करत जातात, प्रत्येक खड्ड्यात जिवंत कॉलऱ्याचे जंतू आणि गिनीपिगच्या रक्तातलं काँप्लिमेंट (जंतू मारायला अँटीबॉडीला मदत करणारी प्रथिनं) घालतात, आणि किती पातळ केल्यावरही जंतू मरतायत ते बघतात. आधीपेक्षा चौपट वाढ दिसली तर शरीरानं उत्तर दिलं असं धरतात. आजारानंतर दहा-पंधरा दिवसांत आकडा टोकाला जातो आणि वर्षभरात बराच खाली येतो. पण खाली आला म्हणजे संरक्षण गेलं असं नाही, आठवण ठेवणाऱ्या मेमरी बी पेशी मागे असतात, आणि अमुक आकड्याच्या वर गेलात की निर्धास्त अशी रेघही कुठे नाही. त्यामुळे हौस म्हणून करायची ही टेस्ट नाही. सध्या कॉलरा झालाय का हे बघायचं असेल तर रक्त नाही, शौचाचा नमुना लागतो, आणि तो अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी.

प्रश्न : सासूबाई म्हणतात मरीमातेचा कोप आहे, जुलाब लागले की पाणी तोडायचं. काय करू?
— एक सूनबाई, गाव लिहिलं नाही

मरीमातेला नैवेद्य दाखवा, आखाजीला बारागाड्या ओढा, कोणी अडवत नाही. पाणी मात्र तोडायचं नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मृत्यू तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. कॉलऱ्याचं विष पाणी बाहेर टाकायचा नळ उघडतं पण साखर-मीठ जोडीनं आत घ्यायचा रस्ता बंद करत नाही, म्हणून ते लागू पडतं. त्याची तयार पुडी (ओआरएस) आशाताईंकडे असते. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब असतील, डोळे खोल गेले, लघवी थांबली तर ते पाजत पाजतच दवाखाना गाठा.

प्रश्न : आम्ही मित्र चैत्रात पायी वणीच्या गडावर जातो. रस्त्यात मिळेल ते पाणी पितो. लस घ्यावी का, कुठे मिळते, एक डोस पुरेल का? आणि लस घेतल्यावर पाणीपुरी चालेल का?
— कॉलेजचा एक विद्यार्थी, धुळे

आपल्या सरकारी लसीकरणाच्या यादीत कॉलऱ्याची लस नाही. जिथे साथ येते तिथे सरकारनं ठरवलं तर मोहीम होते, ओडिशात पुरी जिल्ह्यात २०११ मध्ये अशी करून बघितली होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची शांकॉल २००९ मध्ये आली, जगभर वापरली, नंतर तिचं उत्पादन थांबलं. २०२४ मध्ये हैदराबादच्याच भारत बायोटेकनं हिलकॉल आणली, तिच्यात एकच जंतू असा घेतलाय की तो ओगावा आणि इनाबा दोन्हींची ओळख करून देतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा, मागवून मिळते का बघा. इवलीशी, दीड मिलीची मात्रा, चव काही खास नाही, तोंड वाकडं करून गिळायची आणि वर घोटभर पाणी. दोन डोस, चौदा दिवसांच्या अंतरानं, आणि दुसऱ्यानंतर आठ-दहा दिवस हाताशी ठेवा, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी आठवण झाली तर उपयोग नाही. जगात लशीचा तुटवडा असल्यानं २०२२ पासून साथीच्या ठिकाणी एकच डोस देतायत, त्यानं मोठ्यांना निदान सहा महिने काढता येतात, पण ती टंचाईतली सोय आहे. तुम्हाला दोन मिळत असतील तर दोनच घ्या.

कोलकात्याला शांकॉल लस पाच वर्षं तपासली, लस घेतलेल्यांत कॉलरा ६५ टक्क्यांनी कमी निघाला. पाच वर्षं टिकणं म्हणजे चांगलंच, पण उरलेले ३५ तुमच्या पाणीपुरीत बसलेत. शिवाय ही लस कावीळ, टायफॉइड, साधा गॅस्ट्रो यातलं काहीच अडवत नाही. चालत जाताना मेडिक्लोरची बाटली खिशात ठेवा, लेबलवर लिहिल्याइतके थेंब टाकून अर्धा तास थांबा, तहान लागली तरी थांबा. आणि पाणीपुरीवाल्याला पाणी कुठलं ते विचारा, "फिल्टरचं" म्हणाला तर मागचा ड्रम बघून या, मग ठरवा.